पोलरायझर फिल्म आणि फिल्टर: आठ महिने चित्रांचे फोटो काढल्यानंतर

१८६३ साली पॅरिसच्या सलों या सरकारी चित्रप्रदर्शनात ज्युरीने चित्रकार एदुआर माने यांचं चित्र नाकारलं, पण निदान चित्र समोर ठेवून नाकारलं. आता प्रदर्शनाच्या निवडीच्या पहिल्या फेरीत बहुतेक ठिकाणी चित्र कुणी बघतच नाही, बघतात फोटो. माझं गडद निळं-काळं तैलचित्र दोन प्रदर्शनांतून परत आलं, तेव्हा पाठवलेली फाइल मोठी करून पाहिली. वरच्या भागावर दुधावर धरावी तशी पांढुरकी साय होती. दिव्याची चमक! ज्युरी कारण सांगत नाही, त्यामुळे खापर फोटोवर फोडायला मी मोकळीच होते.

मग दिव्यांसाठी पोलरायझर फिल्मचे (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या पारदर्शक पत्र्याचे) दोन तुकडे आणि लेन्ससाठी सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे तेच काम करणारा फिरवता येणारा फिल्टर घेतला. चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत एकेक एलईडी दिवा, दोन्हींवर फिल्म एकाच दिशेत, आणि मग लेन्सवरचा फिल्टर हळूहळू फिरवायचा. त्याची दिशा फिल्मच्या दिशेला काटकोनात, आडवी आली की चमक नाहीशी होते आणि खालचा काळा रंग खरोखर काळा दिसतो.

माझ्याकडे पहिल्या दिवशी मात्र जांभळे-हिरवे पट्टे उमटले. दोन दिवस दिवे हलवले, लेन्स पुसली, विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी नखाने कोपरा उचकटला, तर फिल्मवरचं पातळ संरक्षक प्लास्टिक तसंच! ते दोन्ही बाजूंना असतं, दोन्हीकडचं काढायचं.

उजेड खूप खाते ही जोडी. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० आणि एफ (लेन्सचं छिद्र) ८ वर माझं शटर अर्ध्या सेकंदापर्यंत जातं. म्हणजे ट्रायपॉड हवाच, आणि बटण दाबताना हात लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. जुन्या तापणाऱ्या दिव्यांवर फिल्म चिकटवू नका, वाकडी होते. ग्रे कार्डही (रंग जुळवायला वापरतात तो करडा पुठ्ठा) चित्राशेजारी धरून एक फोटो घ्याच, फिल्ममुळे रंगाचा तोल थोडा सरकतो.

आता खरी तक्रार. पॅलेट नाइफने (रंग थापायच्या पात्याने) जाड रंग थापलेलं चित्र यात छापील पोस्टरसारखं सपाट दिसतं. रंगाच्या कडांवरची बारीक चमकच तर उंचवटा दाखवते, आणि हा फिल्टर तीच पुसतो. सोनेरी वर्ख तर मातकट होतो.

दुसरं जास्त नडलं. एकही चमक नसल्यामुळे रंग प्रत्यक्षाहून गडद, भरगच्च येतात. एका प्रदर्शनात माझं चित्र फोटोवरून निवडलं गेलं, आणि पोचवल्यावर ‘प्रतिमेशी जुळत नाही’ म्हणून बाजूला ठेवलं. नियमावलीत तसं कलम होतं, मीच वाचलं नव्हतं. प्रवेश शुल्क अर्थातच परत नाही. राग आला, पण घरी आणून स्क्रीनशेजारी ठेवलं तेव्हा गप्प बसले.

तेव्हापासून फिल्टर पुरता आडवा करत नाही. सायीचा शेवटचा पापुद्रा जातो तिथून किंचित मागे घेते, कडांवर दोन-चार ठिपके राहू देते. फाइल एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत), फ्रेम वगळून आणि मागतील त्या पिक्सेलमध्ये काढली, की चित्राशेजारी स्क्रीन ठेवून पाहते. सपाट, पातळ रंगाच्या आणि व्हार्निश केलेल्या चित्रांसाठी या जोडीला पाचपैकी पाच. जाड रंगासाठी तीन, तेही फिल्टर हाताने फिरवता येतो म्हणून.