गॉटमन, ईएफटी आणि ग्लासर: जोडीने वापरून पाहिलेल्या तीन पद्धती

नवरा-बायकोने समुपदेशनाला जायचं ठरवलं असेल, तर फी विचारण्याआधी विचारा, "तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता?" प्रत्येक पद्धत माणसाची वेगळी गरज मोजते. तीन पद्धती अनुभवल्यावर माझं हे ठाम मत झालं आहे.

सुरुवात गॉटमन पद्धतीने झाली. अमेरिकेत सिअॅटलला मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना बोलतं करून, त्यांच्या हृदयाचे ठोकेसुद्धा मोजून ती उभी केली. जोडप्यांतले ६९ टक्के मतभेद कायमचेच असतात, असं ते सांगतात. गावी सासू-सासऱ्यांना किती पैसे पाठवायचे, यावरून आमच्यात नेहमी वाजायचं. हा आकडा ऐकून मला खरंच हलकं वाटलं. नाडी शंभरच्या वर गेली की किमान २० मिनिटं थांबायचं, हा नियम आजही घरात चालतो. मात्र उठून जाताना "परत येतो, मग बोलू" हे सांगावंच लागतं, नाहीतर त्याचा अबोला होतो. टोमणे काही आठवड्यांतच कमी झाले. पण नवऱ्याला यायला उशीर झाला की माझा जीव का कासावीस होतो, याला या पद्धतीत हात लागला नाही. शिवाय त्या समुपदेशकाकडे सगळं बोलणं इंग्रजीत. मनातलं खोलवरचं दुखणं मला इंग्रजीत सांगता येत नाही.

म्हणून मराठीत बोलणारी ईएफटीची (इमोशनली फोकस्ड थेरपी, म्हणजे भावनांवर भर देणारी पद्धत) थेरपिस्ट शोधली. स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात कॅनडात ही पद्धत मांडली. पुढे जॉन्सन यांनी तिला जॉन बोल्बींच्या आसक्ती सिद्धान्ताची (अ‍ॅटॅचमेंट थिअरी: जवळच्या माणसाचा भावनिक आधार ही माणसाची मूळ गरज आहे, हा विचार) भक्कम बैठक दिली. साधारण ८ ते २० सेशन्स लागतात असं म्हणतात. इथे पैशांचा विषय काढला की थेरपिस्ट थांबवायच्या आणि विचारायच्या, "आवाज चढण्याच्या आधी आत काय झालं?" मी मागे लागते, तो मिटून जातो, मग मी आणखी मागे लागते. हे चक्र दोघांना एकदम दिसलं. एकदा तो म्हणाला, "तू बोलायला लागलीस की मी तुला कधी पुरणारच नाही असं वाटतं." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. सेशननंतर मात्र अंगात त्राण राहत नाही. त्या संध्याकाळी पाहुणे बोलावू नका.

तरी एक गरज उरलीच होती. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ विल्यम ग्लासर पाच मूलभूत गरजा मानत: जगणं, प्रेम-आपलेपणा, सत्ता, स्वातंत्र्य आणि मौज. थेरपिस्टनेच आम्हाला प्रत्येक गरजेला पाचपैकी गुण द्यायला लावले. माझे पाच प्रेमाला, त्याचे पाच स्वातंत्र्याला. रविवारी तो एकटा सिंहगडावर जातो ते माझ्यापासून पळून नव्हे, हे मला त्या कागदावरून पटलं. पण "तुम्ही करताय त्याने हवं ते मिळतंय का?" हा ग्लासर पद्धतीचा प्रश्न जखम ताजी असताना फार बोचतो. ती पद्धत शेवटी घ्यावी.

भांडणात घर हादरत असेल तर आधी गॉटमन. भांडणं नाहीत पण दुरावा आहे, तर थेट ईएफटी. आणि घरात मारहाण किंवा धाक असेल, तर जोडीने कुठेच बसू नका. तिथे मन मोकळं करणंच अंगावर येऊ शकतं. आधी सुरक्षित व्हा. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे.