ल्युमिनॉल ट्रेनिंग किट: पूर्ण अंधार करूनच वापरा

फॉरेन्सिकच्या प्रॅक्टिकलसाठी हे ल्युमिनॉलचं (रक्ताच्या पुसलेल्या डागावरही फवारलं की अंधारात निळं चमकणारं रसायन) किट घेतलं आणि खरंच आवडलं. टाइलवर प्राण्याच्या रक्ताचे थेंब टाकून वाळवले, मग साबणाच्या पाण्याने इतके घासले की डोळ्यांना काहीच दिसेना, लाइट बंद करून स्प्रे मारला आणि फटींमधून निळा उजेड उमटला, अंगावर काटाच आला! हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे ही रिअ‍ॅक्शन होते, उजेड साधारण अर्धा मिनिटच टिकतो, त्यामुळे कॅमेरा आधीच ट्रायपॉडवर लावून ठेवा.

पण माहितीपत्रकात 'रक्त ओळखा' एवढंच छापलंय ते मला अजिबात पटलं नाही. ब्लीच, तांबं, अगदी मुळ्याचा रससुद्धा चमकतो, आणि रक्त माणसाचं की जनावराचं हे ल्युमिनॉल सांगूच शकत नाही, त्याला पुढची टेस्ट लागतेच. शिकणाऱ्याला हे पहिल्या पानावर सांगायला हवं, कारण उद्या याच्यावर कुणाची तरी सुटका नाहीतर शिक्षा ठरणार असते.

बाटलीचं नोझल जाड फवारा मारतं, त्याने डाग ओघळून पॅटर्न बिघडतो, मी बारीक तुषारवालं लावलं. मिश्रण लागेल तेव्हाच ताजं बनवा.