प्लेफेअर डिस्प्ले बोल्ड इटॅलिक: लग्नसराईभर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो: ठळक, तिरप्या (इटॅलिक) इंग्रजी अक्षरांचा हा फॉन्ट दोन-तीन शब्दांपुरताच आहे. वधू-वरांची नावं, दुकानाची पाटी, प्रदर्शनाचं शीर्षक, इथवर याला तोड नाही. परिच्छेद लावलात की डोळे दुखतात.

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ माझं डिझाइनचं काम आहे. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, नवरात्रात गरब्याचे पास, मधूनमधून फाइन आर्ट्स म्हणजे कला शिकणाऱ्या मुलांच्या प्रदर्शनांची निमंत्रणं. मुलीकडचे मराठी, मुलाकडचे गुजराती आणि पाहुणे अमेरिकेत, असं इथे सर्रास असतं. त्यामुळे एकाच पत्रिकेवर तीन लिप्या येतात. इंग्रजी नावांसाठी गेली दिवाळी ते आत्तापर्यंत मी मुख्यतः हाच फॉन्ट वापरला.

दिसायला तो दिमाखदार आहे. जाड रेघ खरंच जाड आणि बारीक रेघ केसाएवढी. गिऱ्हाइकं म्हणतात, ‘अगदी पॅलेससारखं वाटतं.’ लक्ष्मी विलास पॅलेस 1890चा, हा फॉन्ट 2011चा. क्लाउस एगर्स सोरेन्सन या डॅनिश डिझायनरने तो केला, पण डोळ्यांसमोर अठराव्या शतकातल्या बास्करव्हिल या इंग्रज अक्षरकाराची अक्षरं ठेवून, त्यामुळे तो जुना भासतो. तसं बघितलं तर ठळक इटॅलिक ही राजेशाही गोष्ट नाहीच. इटॅलिक 1501मध्ये व्हेनिसला आल्डस मानुशियसच्या छापखान्यात आलं, तेही छोट्या आकाराच्या पुस्तकांसाठी. ठळक टाइप पुढे एकोणिसाव्या शतकात जाहिरातींनी रुजवला. म्हणजे वंश बाजारातलाच. गिऱ्हाइकाला मात्र मी हे सांगत नाही.

याची लहान अक्षरं उंच आहेत आणि खाली लोंबणारे भाग आखूड. त्यामुळे ओळी जवळजवळ बसवता येतात आणि शेजारी देवनागरी आली तरी इंग्रजी खुजं दिसत नाही. तिरप्या अवतारातलं ‘अँड’चं चिन्ह (&) तर इतकं देखणं आहे, की दोन नावांच्या मध्ये ते मोठं करून ठेवलं तर वेगळ्या नक्षीची गरज पडत नाही.

आता कटकटी. पहिली आकड्यांची. यातले आकडे मुळात जुन्या वळणाचे आहेत: 3, 4, 5, 7, 9 ओळीखाली उतरतात, 6 आणि 8 वर चढतात. तारखेला ते शोभतात, पण मोबाइल नंबर छापला की यजमान विचारतात, ‘हे वरखाली का झालंय?’ सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टच्या जादा सोयी असतात त्या ओपनटाइपच्या पॅनलमध्ये ‘लायनिंग फिगर्स’ चालू करा, आकडे एका उंचीवर येतात.

दुसरी छपाईची. गुळगुळीत आर्ट कार्डावर गडद शाईत तो झकास उतरतो. पण खरखरीत हँडमेड कागदावर सोनेरी फॉइल मारायचं असेल, तर बारीक रेघा तुटतात आणि अक्षरांच्या पोटातली जागा भरून जाते. मरून रंगाच्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवली, तर शाई पसरून त्याच रेघा गिळते. अशा कामात मी 24 पॉइंटच्या खाली जात नाही. पत्त्यासारख्या बारीक मजकुरासाठी याच घराण्यातला नुसत्या ‘प्लेफेअर’ नावाचा नवा फॉन्ट बरा. त्यात आकारानुसार रेघांची जाडी बदलण्याची सोय आहे.

तिसरी गोष्ट फॉन्टची नाही, आपल्या सवयीची. इंग्रजी तिरपं आहे म्हणून मराठी मजकूर निवडून लोक ‘आय’चं बटण दाबतात. देवनागरीचं खरं इटॅलिक नसेल, तर सॉफ्टवेअर अक्षरं नुसती ढकलतं. शिरोरेघा आडव्याच राहतात आणि खालचे दांडे मुसळधार पावसातल्या छत्र्यांसारखे कलतात. वेलांट्या शेजारच्या अक्षरात घुसतात ते वेगळंच. तिरपी देवनागरी हवीच असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या, त्यात इटॅलिक मुद्दाम आखलेलं आहे, मात्र ठळक वजन नाही. मी देवनागरी सरळच ठेवतो. मथळ्याला ‘रोझा वन’, कारण त्यातही जाड-बारीकचा तसाच खेळ आहे. खालच्या मजकुराला ‘मुक्ता’ आणि गुजरातीला त्याच घराण्यातला ‘मुक्ता वाणी’.

ढकललेलं इटॅलिक इंग्रजीतही निघतं. फक्त साधी फाइल बसवली असेल, तर बोल्ड आणि इटॅलिकची बटणं दाबून खोटं रूप तयार होतं. ओळखायची खूण छोट्या ‘ए’मध्ये आहे. खऱ्या इटॅलिकमध्ये तो हाताने लिहिल्यासारखा एकमजली असतो, खोट्यात दुमजलीच राहून नुसता कलतो. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांना व्हेरिएबल फाइल, म्हणजे सगळी वजनं एकत्र असलेली फाइल, कळत नाही. डाउनलोडमध्ये ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर येतं, त्यातली बोल्ड इटॅलिकची फाइल वेगळी बसवा. आणि छापखान्यात पाठवण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचं रेषांच्या चित्रात रूपांतर करा.

पैसे शून्य. ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे व्यावसायिक कामाला चालतो, गिऱ्हाइकाला फाइलही देता येते. नुसता फॉन्ट विकायला तेवढी बंदी. त्याच फुकटेपणाचा तोटा असा, की तो आता सगळीकडे दिसतो. ब्युटी पार्लर, केकची दुकानं, इन्स्टाग्रामवरचे बुटिक, सगळ्यांकडे हाच. म्हणून प्रदर्शनांच्या निमंत्रणांना मी तो वापरणं सोडलंय. फाइन आर्ट्सची पोरं लगेच ओळखतात आणि नाक मुरडतात. लग्नपत्रिकांना मात्र पुढच्या मोसमातही हाच राहील.