जीवशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम: पेशीपासून सुरुवात करावी की सजीवसृष्टीपासून?

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी विषय निवडताना जीवशास्त्राच्या नावाखाली साधारणपणे तीन पर्याय समोर येतात. पहिला पेशी, रेणू आणि आनुवंशिकी यांवर उभा असतो, दुसरा उत्क्रांती, सजीवांची विविधता आणि परिसंस्था यांवर, तर तिसरा ज्यांचा मुख्य विषय जीवशास्त्र नाही अशांसाठी आखलेला, एका सत्रात सगळ्याचा धावता परिचय करून देणारा असतो. पहिले दोन मिळून बहुधा वर्षभराची जोडी होते आणि जीवशास्त्रात पुढे जाणाऱ्याला दोन्ही पूर्ण करावे लागतात. त्यामुळे त्याला फक्त आधी कोणता घ्यायचा, एवढेच ठरवायचे असते. ज्याचे अजून काहीच ठरलेले नाही त्याच्यापुढे मात्र तिन्ही वाटा खुल्या असतात, आणि हा आढावा मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

तिसऱ्या पर्यायाविषयी आधी बोलून घेणे सोयीचे आहे, कारण त्याचा निर्णय लवकर होतो. या अभ्यासक्रमात लस कशी काम करते, प्रतिजैविकांना जिवाणू का दाद देत नाहीत, जनुकीय चाचणीचा अहवाल कसा वाचावा, अशा नागरिक म्हणून उपयोगी पडणाऱ्या प्रश्नांना बराच वेळ दिला जातो. इतिहास, वाणिज्य किंवा भाषा हाच ज्याचा विषय पक्का आहे, त्याने संकोच न करता हाच घ्यावा. अडचण एवढीच, की पदवीसाठी लागणारे विज्ञानाचे श्रेयांक त्यातून मिळत असले, तरी पुढच्या वर्षीच्या आनुवंशिकीला किंवा शरीरक्रियाशास्त्राला प्रवेश मिळण्यासाठी तो बहुतेक ठिकाणी ग्राह्य धरला जात नाही. ‘आधी सोपा घेऊन पाहू, आवडले तर पुढे जाऊ’ असा विचार करणाऱ्याला जीवशास्त्र खरोखर आवडले, तर पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभे राहावे लागते आणि एक सत्र जाते. म्हणून ज्याचे मन थोडेसेही या विषयाकडे ओढते आहे, त्याने पहिल्या दोनांपैकी एकाची निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेशी आणि रेणू

पेशीच्या अभ्यासक्रमाची सुरुवात बहुधा पाणी, कार्बन आणि हायड्रोजन बंध यांपासून होते. मग प्रथिनांची रचना, पेशीपटल, विकरे, श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण, पेशीविभाजन, मेंडेलचे नियम आणि अखेरीस डीएनएपासून प्रथिनापर्यंतची वाटचाल येते. हे सगळे शब्द शाळेत कानांवरून गेलेले असतात आणि नेमकी तिथेच फसगत होते. पहिले काही आठवडे सगळे ओळखीचे वाटत राहते आणि पहिल्या चाचणीत प्रश्नांचे स्वरूप पाहून विद्यार्थी गोंधळतो.

एक उदाहरण घेऊ. डीएनएची प्रतिकृती अर्धसंरक्षी पद्धतीने होते, म्हणजे प्रत्येक नव्या रेणूत एक साखळी जुनी आणि एक नवी असते, हे वाक्य पाठ असले की शाळेत गुण मिळतात. महाविद्यालयात मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांचा १९५८ सालचा प्रयोग पुढे ठेवला जातो. त्यांनी जिवाणू आधी जड नायट्रोजनच्या माध्यमात वाढवले, मग हलक्या नायट्रोजनच्या माध्यमात हलवले आणि पिढ्यागणिक डीएनए घनतेनुसार वेगळा करून पाहिला. एका पिढीनंतर मधल्या घनतेचा एकच पट्टा दिसला, दोन पिढ्यांनंतर मधला आणि हलका असे दोन समान पट्टे दिसले. परीक्षेतला प्रश्न याच्या पुढचा असतो: तीन पिढ्यांनंतर कोणते पट्टे कोणत्या प्रमाणात दिसतील, आणि प्रतिकृती संरक्षी पद्धतीने, म्हणजे जुन्या दोन्ही साखळ्या एकत्रच राहून, होत असती तर पहिल्याच पिढीनंतर काय दिसले असते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मधला एक भाग आणि हलका तीन भाग असे आहे. दुसऱ्याचे उत्तर एक जड आणि एक हलका असे दोन वेगळे पट्टे, मधला अजिबात नाही. ही उत्तरे कागदावर साखळ्या काढून स्वतः शोधण्यात ज्याला मजा येते, त्याला हा अभ्यासक्रम मानवेल. ज्याला ‘हे पुस्तकात कुठे दिले आहे?’ असा प्रश्न आधी सुचतो, त्याला पहिले सत्र जड जाईल.

या अभ्यासक्रमातली दुसरी अडचण अशी, की ज्याविषयी बोलले जाते ते डोळ्यांना दिसत नाही. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शीतून सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत, आणि प्रथिने त्याहून कितीतरी लहान असतात. त्यामुळे जवळजवळ सगळे ज्ञान प्रयोगांवरून काढलेल्या अनुमानांतून उभे राहते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून किती एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात, या प्रश्नालाही जुनी पुस्तके ३६ किंवा ३८ असे उत्तर देत आणि आजची साधारण ३० ते ३२ असे देतात. आकडा पाठ करणाऱ्याला हा बदल त्रासदायक वाटतो, परंतु तंतुकणिकेच्या (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या घटकाच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन साठवून त्यांच्या परतीच्या ओघावर एटीपी तयार होतात, हे ज्याला कळले आहे, त्याला हिशेब नेमक्या पूर्णांकात का बसत नाही हेही उमगते.

उत्क्रांती, विविधता, परिसंस्था

दुसऱ्या अभ्यासक्रमाची ख्याती ‘नावे पाठ करण्याचा विषय’ अशी आहे आणि काही विभागांत ती अजूनही खरी असेल. पण जिथे तो नीट शिकवला जातो, तिथे वर्गीकरण ही नावांची यादी न राहता नात्यांविषयीचे अनुमान बनते. मगर, सरडा आणि कबूतर यांच्यात मगरीचे सर्वांत जवळचे नाते कोणाशी, असे विचारले तर नवखा विद्यार्थी सरडा असे सांगतो. वंशवृक्षावर मात्र मगर आणि पक्षी यांचा समाईक पूर्वज सरड्याच्या शाखेपासून वेगळा झाल्यानंतरचा आहे, म्हणून मगर कबुतराला अधिक जवळची. वृक्षाच्या टोकांवर कोणता प्राणी कोणाशेजारी छापला आहे याला अर्थ नसतो, फाटा कुठे फुटला आहे यालाच असतो. ही एक गोष्ट पक्की व्हायला कित्येकांना निम्मे सत्र लागते. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना करून आर्किया हा जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांचा गट जिवाणूंपासून वेगळा काढला, तोही याच पद्धतीने, फक्त पुरावा हाडांऐवजी रेणूंचा होता.

इथे गणितही कमी नसते. एकाच जनुकाची वेगवेगळी रूपे (जनुकरूपे) लोकसंख्येत किती प्रमाणात आढळतील, याविषयी १९०८ मध्ये हार्डी आणि वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडलेले समीकरण या अभ्यासक्रमात हमखास येते. एखादा अप्रभावी आनुवंशिक विकार २५०० जणांत एकाला होत असेल, तर तो घडवणाऱ्या जनुकरूपाचे प्रमाण ५० मध्ये १ निघते आणि विकार नसलेले पण ते जनुकरूप वाहणारे लोक जवळपास २५ जणांत एक, हा निष्कर्ष पहिल्यांदा पाहणाऱ्याला चकित करतो. परिसंस्थेच्या भागात गणना येते. तळ्यातले ६० मासे खूण करून सोडले, नंतर पकडलेल्या ५० पैकी १२ माशांवर खूण आढळली, तर तळ्यात सुमारे २५० मासे असावेत, असा अंदाज करता येतो. हा अंदाज केव्हा चुकेल, म्हणजे खुणा पुसल्या गेल्या किंवा एकदा पकडलेले मासे जाळ्यापासून दूर राहू लागले तर काय होईल, यावर पुढची चर्चा रंगते. सूत्र दोन ओळींचे असते, खरा अभ्यास या चर्चेत असतो.

वाचनाचा भार दुसऱ्या अभ्यासक्रमात जास्त असतो आणि उत्तरेही लांब लिहावी लागतात. पेशीच्या अभ्यासक्रमात एक धडा चुकला तर पुढचे दोन कळत नाहीत. सजीवसृष्टीच्या अभ्यासक्रमात धडे परस्परांवर इतके घट्ट अवलंबून नसतात, त्यामुळे मध्येच आजारी पडलेला विद्यार्थी सावरू शकतो, मात्र प्रकरणांची संख्या मोठी असल्याने शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम आटोपता येत नाही. दोन्ही अभ्यासक्रम एकमेकांना भेटतात अशी एक सुंदर जागा म्हणजे तंतुकणिका. तिचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आणि जिवाणूंसारखे रायबोसोम पाहता ती एके काळी स्वतंत्र जगणारा जिवाणू होती, हे लिन मार्गुलिस यांनी १९६७ साली हिरिरीने मांडलेले आणि आता सर्वमान्य झालेले मत पेशीच्या वर्गातही येते आणि उत्क्रांतीच्या वर्गातही.

प्रात्यक्षिक आणि रसायनशास्त्र

प्रात्यक्षिकासह आणि प्रात्यक्षिकाविना असे दोन प्रकार उपलब्ध असतील, तर प्रात्यक्षिकासह असलेलाच घ्यावा. वैद्यकीय शिक्षण जिथे पदवीनंतर सुरू होते, तिथे अनेक संस्था जीवशास्त्राचे पूर्ण वर्ष प्रात्यक्षिकासह मागतात, हे व्यावहारिक कारण झाले. दुसरे कारण हाताला लागणाऱ्या वळणाचे. पेशीच्या प्रात्यक्षिकात मायक्रोपिपेट पहिल्यांदा हातात येते. तिचा दट्ट्या दाबताना दोन ठिकाणी अडतो. द्रव घेताना पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचे, सोडताना दुसऱ्यापर्यंत. घेतानाच दुसऱ्यापर्यंत दाबले की हवे त्यापेक्षा जास्त द्रव येतो, आणि मोजमाप मिलिलिटरच्या हजाराव्या भागात असल्याने ती चूक डोळ्यांना दिसतही नाही, थेट शेवटच्या निकालात उतरते. कांद्याच्या मुळाचे टोक आम्लात मऊ करून, रंगवून, काचेवर चेपून सूत्री विभाजन पाहायचे, तर बहुतेक पेशी दोन विभाजनांच्या मधल्या काळात असलेल्याच दिसतात आणि गुणसूत्रे दोन टोकांना खेचली जात असलेली पेशी सापडायला चिकाटी लागते. दुसऱ्या अभ्यासक्रमाचे प्रात्यक्षिक बरेचसे बाहेर होते: चौकट टाकून झाडे मोजणे, नमुने ओळखणे, नोंदवही ठेवणे. यंत्रांची भीती असलेल्याला ते सोपे वाटते, पण ऊन-पावसात उभे राहून दर वेळी सारख्याच पद्धतीने मोजत राहणे सगळ्यांना जमत नाही.

आता क्रमाचा प्रश्न. माझ्या मते तो जीवशास्त्रापेक्षा रसायनशास्त्रावर ठरवावा. ज्याचे शालेय रसायनशास्त्र पक्के आहे किंवा जो त्याच सत्रात महाविद्यालयीन रसायनशास्त्र घेत आहे, त्याने पेशीपासून सुरुवात करावी, कारण पुढच्या वर्षीच्या जीवरसायन, आनुवंशिकी आणि सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांना बहुधा तोच आधी लागतो. सामूत (pH मध्ये) एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक, हे ज्याला थांबून आठवावे लागते, त्याने पहिल्या सत्रात रसायनशास्त्र आणि सजीवसृष्टीचा अभ्यासक्रम सोबत घ्यावा आणि पेशीकडे दुसऱ्या सत्रात वळावे. यात काही गमावले जात नाही. मेंडेलची जेवढी ओळख उत्क्रांतीला हवी असते, तेवढी त्या अभ्यासक्रमातच करून दिली जाते. पेशी, रसायनशास्त्र आणि कलनशास्त्र हे तिन्ही पहिल्याच सत्रात एकदम घेणे मात्र टाळावे. महत्त्वाकांक्षी विद्यार्थी हे हौसेने करतात, पण दोन विषयांची प्रात्यक्षिके आणि दर आठवड्याचे गणिताचे गृहपाठ एकत्र आले की आकलनासाठी लागणारा निवांत वेळच उरत नाही.

शाळेतील प्रगत अभ्यासक्रमाच्या गुणांवर पहिला अभ्यासक्रम वगळण्याची मुभा काही ठिकाणी मिळते. ती घेण्यापूर्वी मागच्या वर्षीची अंतिम प्रश्नपत्रिका विभागाकडून मिळवून, पुस्तक बंद ठेवून सोडवून पाहावी. वर दिलेल्या पट्ट्यांच्या किंवा वंशवृक्षाच्या धर्तीचे प्रश्न सहज सुटत असतील तर खुशाल वगळावा. प्रगत आनुवंशिकीच्या पहिल्या तासाला मात्र हे सगळे येत असल्याचे गृहीत धरले जाते.

नोंदणी करण्याआधी हे सर्व आपल्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावे, कारण काही विभाग क्रम बांधून देतात आणि काही सजीवसृष्टीचाच अभ्यासक्रम पहिला ठेवतात. त्यात पाहायच्या गोष्टी दोनच: पुढचे कोणते विषय या अभ्यासक्रमाची पूर्वअट धरतात, आणि तो वर्षातून एकाच सत्रात शिकवला जातो की दोन्हींत. एकाच सत्रात शिकवला जाणारा अभ्यासक्रम हुकला तर वर्षभर थांबावे लागते, म्हणून अशा वेळी बाकी सगळे विचार बाजूला ठेवून तोच आधी घ्यावा. दोन्हींत मिळत असेल तर विषय बदलण्याची शेवटची तारीख नोंदवून ठेवावी आणि त्या तारखेपूर्वी निदान एक चाचणी होते का, हे अध्यापकांना विचारून घ्यावे.