जिप्सीच्या इंजिनावर बांधलेली दोन सीटची गाडी : दोन उन्हाळे चालवल्यानंतर

गेल्या वर्षीच्या पाडव्याला ही गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर फिरली. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, दुसरा पावसाळाही सरत आला, टायरचा एक सेट झिजून संपला. आता तिच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. आधीच सांगून टाकतो, या गाडीत मला सगळ्यात जास्त समाधान चासीने, म्हणजे पाईपांच्या सांगाड्याने दिलं आणि त्याखालोखाल कूलिंगने. भेटेल तो हॉर्सपॉवर विचारतो, पण तिचा नंबर बराच नंतर लागतो.

साचा जुनाच आहे. कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन काढली, त्याच धर्तीची ही गाडी : इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, दोन सीट, ना दारं ना छत. सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये कॅटरहॅमने घेतले आणि त्यांची ती गाडी आजही बनते. चौकोनी पाईप, चांगला वेल्डर आणि लेथ एवढ्यावर उभी राहू शकणारी दुसरी स्पोर्ट्स कार मला तरी माहीत नाही. संभाजीनगरात राहणाऱ्याला या तिन्ही गोष्टींची वाण नाही. वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणारी इतकी वर्कशॉप आहेत की लेझर कटिंग, सीएनसी, पावडर कोटिंग सगळं एका फेरीत होतं.

इंजिन, गीअरबॉक्स आणि मागचा एक्सल तिन्ही एका भंगारात निघालेल्या मारुती जिप्सीचे. जिप्सी घेण्यामागे कारण होतं. तिचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं आणि गीअरबॉक्स त्याच्या मागे सरळ रेषेत येतो. शिवाय फोर व्हील ड्राइव्हची ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, गीअरबॉक्सला चिकटलेली नसते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे ती केस सरळ बाजूला ठेवता येते आणि प्रोपेलर शाफ्ट गीअरबॉक्सपासून थेट मागच्या एक्सलला जोडता येतो. या केसमध्ये हाय रेंजलाही, म्हणजे नेहमीच्या चालीतही, वेग थोडा कमी करणारी रिडक्शन असते. ती गेल्यामुळे गीअर लांब झाले, आणि हलक्या गाडीला ते मानवलं. दुसऱ्या गीअरमध्ये यार्डाचा बहुतेक भाग निघतो.

यार्ड म्हणजे मावसभावाचं जिनिंग, परतूरला. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत तिथे कापसाच्या गंजी असतात, तेव्हा गाडी आत न्यायचा विचारही करायचा नाही. कापूस आणि गरम सायलेन्सर एकत्र नको. हंगाम संपला की एवढं मोठं सिमेंटचं अंगण मोकळं पडतं. ब्रेक सोडून माझी सगळी चाचणी तिथलीच.

आता चासी. २५ बाय २५ चा, १.६ मिमी जाडीचा चौकोनी ईआरडब्ल्यू पाईप आणि सीओटू वेल्डिंग. वेल्ड थंड होताना पाईप ओढतं, म्हणून आधी सगळी चासी टॅकवर, म्हणजे ठिपक्यांच्या कच्च्या वेल्डवर उभी केली, मग एक सांधा पुढचा तर एक मागचा असं करत पूर्ण वेल्ड मारले. मिस्त्रींनी आयुष्यभर गेट, शेड आणि ट्रॉल्या केलेल्या. ते पहिल्या आठवड्यात म्हणाले, "भाऊ, एवढे तिरके पाईप कशाला घालता? वजनच वाढायलंय." मी त्यांना चार पाईपांची मोकळी चौकट हाताने दाबायला दिली, ती तिरपी झाली. त्यात एक कर्ण टाकून परत दिली, ती हलेना. नंतर इंजिनाच्या बाजूच्या मोकळ्या खान्यांत कर्ण कुठून न्यायचे हे तेच सुचवत गेले.

तरी डोळ्याला मजबूत दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मागची बाजू पक्की बांधली, पुढे आडवा पाईप लावून मधल्या रेषेपासून एक मीटरवर सिमेंटची ५० किलोची गोणी टांगली. म्हणजे साधारण ४९० न्यूटन मीटरचा पीळ. मधल्या रेषेपासून अर्ध्या मीटरवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल सुईने दाखवणारं माप. पहिल्या मापात सुई ३.३ मिमीपर्यंत गेली. इंजिनाच्या खान्यात कर्ण टाकले, प्रोपेलर शाफ्ट जातो त्या मधल्या बोगद्याला आणि फरशीला पत्रा चिकटवून रिव्हेट मारले, मग तीच गोणी, तीच जागा, सुई २.१ वर थांबली. हिशेबाने चासी एक अंश पिळायला लागणारा जोर सुमारे १३०० न्यूटन मीटरवरून २००० वर गेला. वाढलेलं वजन फार तर पाच-सहा किलो. या कामाचा फायदा चालवताना रोज कळतो. यार्डात सिमेंटच्या पाट्यांचे सांधे आहेत. त्यांवरून वळणात जाताना डॅशबोर्ड थरथरत नाही, स्टीअरिंग जे सांगतं ते टायरचं असतं.

दुसरी गोष्ट कॉर्नर वेट. चारही चाकांवर किती भार पडतो हे मोजायचे खास काटे महाग असतात. मोंढ्यातल्या ओळखीच्या आडत दुकानातून धान्य मोजायचे चार इलेक्ट्रॉनिक काटे एका रविवारी मागून आणले. पाण्याच्या नळीने चारही काट्यांची पातळी एक केली, फळ्या लावून गाडी वर चढवली आणि मी सीटवर बसलो. डावं पुढचं आणि उजवं मागचं मिळून जास्त भार घेत होते, म्हणजे गाडी तिरपी उभी होती, चार पायांचं टेबल डुगडुगतं तशी. स्प्रिंगच्या खालची रिंग एक-एक आटा फिरवायची, गाडी हलवून सैल करायची, परत वाचायचं. शेवटचे आकडे असे : पुढे डावीकडे १७२, उजवीकडे १७८, मागे १८० आणि १८५. एकूण ७१५ किलो माझ्यासकट, आणि कर्णातला भार जवळजवळ निम्मा-निम्मा. त्या दिवसापर्यंत गाडी डावीकडे सहज वळायची आणि उजवीकडे अडायची. नंतर दोन्हीकडे सारखी. १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात एक फेरी ८.२ सेकंदांत जाते, म्हणजे वेग ताशी ४१ च्या आसपास आणि बाजूचा जोर ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट. साध्या रस्त्याच्या टायरवर, मागे अखंड एक्सल असताना हे मला चांगलं वाटतं.

इंजिनाची गोष्ट थोडक्यात. जिप्सीचं १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं इंजिन कंपनीकडून ८० हॉर्सपॉवरचं येतं. बोअर ७४ चा ७४.५ केला, त्याने १३१६ सीसी झालं. हेडचे पोर्ट, म्हणजे हवा-धुराचे मार्ग साफ केले, प्रत्येक सिलिंडरला हवा सोडणारी स्वतंत्र अशा चार थ्रॉटल बॉडी बसवल्या आणि फोर-टू-वन हेडर, म्हणजे चार धुराचे पाईप एकात आणणारा जोड, आर्गन वेल्डिंगने केला. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, स्पीडुइनो आहे : आर्डुइनो या स्वस्त सर्किट बोर्डवर चालणारा, ज्याचा सगळा आराखडा खुला आहे. क्रँकची जागा ईसीयूला कळावी म्हणून क्रँकला ३६ वजा १ दातांचं चाक. पुण्यात डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चाकांपाशी ८६ हॉर्सपॉवर मिळाली. जिप्सीच्या मूळ इंजिनाची ताकद फ्लायव्हीलवरची असते, त्यामुळे वाढ आकड्यात दिसते त्याहून मोठी आहे. मात्र खरा आनंद प्रतिसादाचा. पाय थोडा हलला की इंजिन लगेच उत्तर देतं, आणि गाडी हलकी असल्याने ते उत्तर थेट पाठीला जाणवतं. धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण दाखवणारा वाइडबँड सेन्सर मात्र ओळखीच्या दुकानातूनच घ्या. ऑनलाइन मागवलेला माझा पहिला सेन्सर नकली निघाला, मिश्रण पातळ असताना जाड दाखवायचा. इंजिन जाळायला एवढं पुरेसं आहे.

पेट्रोल आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. याबद्दल भीती फार पसरली आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो. ट्यूनिंग करताना हवा-पेट्रोलचं जुनं १४.७ चं प्रमाण डोक्यातून काढा आणि लॅम्ब्डावर, म्हणजे कुठल्याही इंधनाला आदर्श मिश्रण १ धरणाऱ्या आकड्यावर काम करा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई२० ला त्याच हवेत पेट्रोल जास्त द्यावं लागतं. ऑक्टेन ९५ असल्याने वैशाखातल्या दुपारीही नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक, झालं नाही, हा मोठा फायदा. शेवटी आपल्याच भागातल्या उसाचा रस टाकीत येतोय म्हणायचा. तोटा असा की इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळ्यात उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी, आणि जुन्या जिप्सीचे रबरी पाईप सगळे बदलावेत. मी दोन्ही केलं, इंजेक्टर आजही स्वच्छ आहेत.

ऊन हा आपल्याकडचा मुख्य प्रश्न. पारा ४२ वर असताना कमी वेगात वर्तुळं मारायची म्हणजे रेडिएटरची परीक्षा. सुरुवातीला कूलंट १०४ अंशांपर्यंत जायचं. रेडिएटर मोठा करायचा सल्ला सगळ्यांनी दिला. मी आधी गाडीच्या नाकातून शिरणारी हवा कुठे जाते ते लोकरीचे धागे चिकटवून पाहिलं. निम्मी हवा रेडिएटरच्या कडेने निसटत होती. पत्र्याच्या पट्ट्या आणि दाराला लावतात ते रबर घेऊन कडा बंद केल्या, मागे पूर्ण श्राउडचा, म्हणजे सगळा रेडिएटर झाकणाऱ्या कव्हरचा पंखा दिला. तोच रेडिएटर आता ९४-९५ च्या वर जात नाही. अजून एक काम आहे जे फक्त जिनिंगवाल्याला करावं लागेल : कापसाचे तंतू. ते रेडिएटरच्या पट्ट्यांमध्ये असे बसतात की वरून दिसत नाहीत. प्रत्येक वेळी मागच्या बाजूने हवा मारली की पांढरा पापुद्रा अख्खा बाहेर येतो. पुढे बारीक जाळी लावली आहे, तरी हवा मारायची सवय सोडलेली नाही.

काळ्या मातीची धूळ सस्पेन्शनच्या रॉड एंडमध्ये, म्हणजे दांड्यांच्या टोकाच्या गोल सांध्यांत शिरते आणि त्यांचा घास घेते. पहिला सेट एका उन्हाळ्यात खुळखुळायला लागला. आता आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचे बुश आहेत आणि बाहेर रबरी टोपीचे रॉड एंड. स्टीअरिंगची अचूकता किंचितही कमी झाली नाही.

ब्रेकची पारख यार्डात होत नाही. त्यासाठी गाडी आयशरमध्ये घालून कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नेली. दोन किलोमीटरहून थोडा मोठा ट्रॅक. डिस्क पुढे, ड्रम मागे, सगळं जिप्सीचं, फक्त पायाचा जोर वाढवणारा बूस्टर काढलेला आणि पुढचा-मागचा जोर जुळवायला बॅलन्स बार. एवढ्या हलक्या गाडीला हे ब्रेक पुरून उरतात. फ्लुइड मात्र डॉट ४ आणि ताजं हवं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू २०५ अंश, डॉट ४ चा २३०, आणि ओलावा शिरला की दोन्ही झपाट्याने खाली येतात.

"समृद्धीवर कधी काढतोस?" हे प्रत्येक जण विचारतो. काढणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहिला तर कंपनीने दिलेल्या रचनेत असे मूलभूत बदल रस्त्यावर चालत नाहीत. ही गाडी पासिंग झालेली नाही, होण्यासाठी बांधलेलीही नाही. खाजगी जागा आणि ट्रॅक, तेही रोल बार, हेल्मेट आणि पाच पट्ट्यांच्या बेल्टसह. ज्यांच्याकडे अशी जागा नाही त्यांनी आधी जागा शोधावी, मग पाईप आणावे.

खर्च सगळा धरून साडेसहा लाखांच्या घरात गेला. त्यातला पाईप आणि वेल्डिंगचा भाग लोकांना वाटतो त्याहून खूप कमी. पैसे शॉक, टायर, वायरिंग आणि छोट्या-छोट्या टर्निंगच्या कामात जातात. पुढच्या हबला जिप्सीच्या मागच्या चाकांसारखेच पाच बोल्ट हवेत म्हणून ते सीएनसीवर नव्याने केले, त्यालाच बरीच रक्कम लागली. पण आता चारही चाकं अदलाबदल करता येतात, एक स्टेपनी कुठेही बसते.

एक उणीव उरली आहे. डिफरन्शिअल साधं आहे, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होतं आणि नुसतं फिरतं. गाडी वळणात कलू न देणारा मागचा अँटी रोल बार काढून पाहिला, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. दिवाळीनंतर यार्डात कापूस येईल आणि गाडी शेडमध्ये जाईल. तेवढ्या महिन्यांत एक्सल उघडून लिमिटेड स्लिपचं, म्हणजे एक चाक नुसतं फिरू न देणाऱ्या डिफरन्शिअलचं काम हाती घेतोय, हाऊसिंगची मापं घेऊन झाली आहेत.