कॉलेज उघडलं, पण गेटापर्यंतच : समोरच्या झेरॉक्सवाल्याचा ऑगस्ट २०२१ मधला अभिप्राय

पाचपैकी तीन तारे. साडेतीन देणार होतो, अर्धा शनिवारपायी कापला. ते पुढं सांगतो.

बेळगावात एका कॉलेजच्या गेटासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि भाची त्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यामुळं कोरोनात बंद पडलेलं कॉलेज पुन्हा उघडायच्या योजनेचा कागद मी मामा म्हणूनही वाचला आणि पानाला दोन रुपये घेणारा म्हणूनही. नाव घालत नाही. तिथंच धंदा करायचा आहे की हो.

कर्नाटक सरकारनं २६ जुलै २०२१ पासून पदवी कॉलेजं उघडायला परवानगी दिली. अट एकच मोठी : लशीचा निदान एक डोस पाहिजे. हजेरीची सक्ती नाही, घरी बसून ऑनलाइन शिकलं तरी चालेल. मुहूर्त मात्र असा की त्याच्या आदल्या तीन-चार दिवसांत पावसानं दाणादाण उडवलेली. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर, इकडं मार्कंडेय नदी फुगलेली, चंदगड भागात ताम्रपर्णी. पहिल्या दिवशी गेटावर हार, सॅनिटायझर, टेंपरेचरची बंदूक घेतलेला वॉचमन, सगळं तयार आणि आत जायला बेळगाव शहरातली तेवढी पोरं. त्याला कॉलेज काय करणार म्हणा.

जे चांगलं ते आधी. लशीचा कॅम्प त्यांनी कॉलेजातच लावला, हॉलमध्ये खुर्च्या लांब-लांब टाकून, आणि टोकन पद्धत इतकी नीट की रांग रस्त्यावर आलीच नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एका टेबलाला दोघंच. बॅच छोट्या केल्यामुळं भाचीला म्हणे पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पूर्ण टायट्रेशन, म्हणजे थेंब-थेंब द्रावण सोडून मोजायचा प्रयोग, करायला मिळालं. एरवी चौघांत एक ब्युरेट (त्याची काचेची नळी), त्यात ही कायम आकडे लिहून घेणारी. हे महामारी संपल्यावरही चालू ठेवा, असं मी सरांना दुकानात आल्यावर तोंडावर सांगितलं. लायब्ररीत बसायला बंदी, फक्त पुस्तक बदलून घ्यायचं. कँटीन बंद. ठीक आहे.

आता खिडक्या. नियम असा की वर्गाच्या खिडक्या उघड्याच ठेवायच्या, हवा खेळली पाहिजे. नियम बरोबर आहे, हा रोग बंद खोलीत जास्त पसरतो हे आता सगळ्यांना कळलं. पण ज्यानं लिहिला त्यानं बेळगावचा जुलै पाहिला नसावा. इथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. खिडकीकडची बाकं भिजली की पोरं उठून मधल्या रांगेत आणि एका बाकावर एक ही योजना पंधरा मिनिटांत एका बाकावर तीन. खिडक्यांना वरून पत्र्याची झडप मारली असती तर काम झालं असतं. हाराच्या खर्चात थोडी भर घालायची, बस.

खरी तक्रार पुढं आहे. माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, शिनोळीला दिलेली. म्हणजे महाराष्ट्र, चंदगड तालुका, पण बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावच. तिकडची अशी किती तरी पोरं येतात. कॉलेजनं हजेरीसाठी जो गुगल फॉर्म काढला त्यात तालुका निवडायची यादी होती : बेळगाव, खानापूर, हुक्केरी, बैलहोंगल, अथणीपर्यंत सगळे. चंदगड नाही! पोरांनी मुकाट्यानं 'बेळगाव' निवडलं. झालं, कॉलेजच्या हिशेबात पलीकडून कोणी येतच नाही.

तेवढ्यात जुलैअखेर सरकारचा नवा आदेश आला. महाराष्ट्रातून येणाऱ्याला डोस झालेला असला तरी ७२ तासांच्या आतला कोरोना टेस्टचा (आरटीपीसीआर) निगेटिव्ह रिपोर्ट पाहिजे आणि शिकायला रोज ये-जा करणाऱ्यांनी दर पंधरा दिवसांनी टेस्ट करायची. सरहद्दीवरच्या बाचीच्या नाक्यावर पोलीस पंधरा दिवसांची सवलत कुणाला द्यायची हे कशावरून ठरवणार? कॉलेजच्या पत्रावरून. आणि कॉलेज पत्र कशावरून देणार? त्या फॉर्मवरून. भाचीला क्लार्क म्हणाले, "बाळ, तुझा तालुका बेळगाव दिसतोय, तुला पत्र कशाला लागतंय?" मी स्वतः काउंटरवर जाऊन भांडलो तेव्हा फॉर्ममध्ये 'इतर' असा पर्याय आला. चंदगड अजून नाहीच.

क्लार्क माणूस भला आहे, दोष त्यांचा नाही. आदेश कन्नडमधून येतो, प्राचार्यांकडं जातो, ते ग्रुपवर टाकतात आणि तोवर एखाद्या पोराला नाक्यावरून परत पाठवलेलं असतं. कॉलेजनं गेटाच्या आतलं सगळं नीट मांडलं. पोरगं गेटापर्यंत येणार कसं, याला योजनेत एक ओळ नाही.

आणि तो शनिवार. अ बॅच सोमवार, बुधवार, शुक्रवार. ब बॅच मंगळवार, गुरुवार, शनिवार. कागदावर सरळ वाटणी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरहद्दीच्या जिल्ह्यांना वीकेंड कर्फ्यू लागला, शुक्रवारी रात्री नऊपासून सोमवारी पहाटे पाचपर्यंत. म्हणजे ब बॅचचा आठवड्यातला तिसरा हिस्सा गेला, अ बॅचला झळ नाही. दर आठवड्याला बॅच आलटून-पालटून घेतल्या असत्या तर तोटा तरी सारखा वाटला गेला असता. भाची अर्थातच ब बॅचमध्ये. बुडालेलं ऑनलाइन घेतो म्हणतात, पण शिनोळीत पाऊस लागला की नेटवर्क जातं आणि प्रॅक्टिकल काय मोबाईलवर करायचं?

शहरातल्या पोरांनी बिनधास्त जावं, लॅबसाठी तरी जावंच. हे नियम आहेत तोवर पलीकडून येणाऱ्यांनी फॉर्ममध्ये 'इतर' निवडा आणि पत्र शिक्का मारून हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. रिपोर्टची प्रिंट काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, नाक्यावर पावसात मोबाईलची स्क्रीन चालत नाही. दोन प्रती पुरेत. लॅमिनेशन करायला मात्र माझ्याकडं येऊ नका, पंधरा दिवसांनी तो कागद रद्दीच आहे.