झाडांची ओळख: ॲप, पुस्तक की जाणकाराची सोबत?

गुलमोहर आणि नीलमोहर फुलावर असताना कोणालाही वेगवेगळे ओळखता येतात. फुले गळून गेल्यावर मात्र दोघांची पिसांसारखी बारीक पाने पाहून भलेभले गोंधळतात. झाडे ओळखायला शिकण्यासाठी मोबाइलवरचे ॲप वापरावे, पुस्तक घ्यावे की जाणकाराबरोबर फिरावे, हे ठरवताना हीच जोडी डोळ्यांसमोर ठेवावी.

ॲपचा मोठा गुण म्हणजे वेग. प्लांटनेट, २००८ साली सुरू झालेले आयनॅचरलिस्ट किंवा गूगल लेन्स यांना फोटो दिला की काही क्षणांत संभाव्य नावांची यादी समोर येते. फूल किंवा फळ जवळून स्पष्ट टिपलेले असेल, तर नाव बहुधा बरोबर निघते. लांबून घेतलेला झाडाचा डेरा किंवा नुसती साल यांवरून मात्र अंदाज सहज चुकतो. नीलमोहराची पाने फांदीवर समोरासमोर येतात, तर गुलमोहराची एकाआड एक; पण गळून पडलेल्या एकट्या पानाच्या फोटोत नेमकी हीच खूण हरवते. म्हणून देठ फांदीला जुळतो ती जागाही टिपावी. आयनॅचरलिस्टवर इतर निरीक्षक नावाची खातरजमा करतात, ही मोलाची सोय आहे; परंतु उद्यानातील बहुतेक झाडे लावलेली असतात आणि ‘लागवडीतील’ अशी नोंद झालेल्या झाडांकडे तिथे फारसे कोणी वळत नाही.

पुस्तकाचा मार्ग संथ आहे, पण माझ्या मते नजर घडते ती याच मार्गाने. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी १७७८ साली आपल्या वनस्पतिग्रंथात दोन-दोन पर्यायांतून नावापर्यंत नेणारी किल्ली वापरली आणि चांगली पुस्तके आजही तीच रीत पाळतात. पान साधे की संयुक्त, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. कडुनिंबाची डहाळी हातात घेऊन पाहावी: आपण ज्याला पान म्हणतो, ती करवतीसारख्या कडेची, तळाशी तिरकी अशी एक पर्णिका असते. तिच्या बुडाशी कळी नसते; कळी सापडते ती लांब देठ फांदीला मिळतो तिथे, म्हणजे तो अख्खा देठ पर्णिकांसह मिळून एकच पान. बकाणाच्या पानात त्याच देठाला पुन्हा उपदेठ फुटलेले दिसतात. एकदा हे उमगले की सीता अशोकाचे संयुक्त पान आणि शोभेसाठी लावलेल्या उंच, सरळ अशोकाचे लाटेसारख्या कडांचे साधे पान यांत पुन्हा गफलत होत नाही, मग लोक दोघांनाही अशोकच म्हणत असले तरी हरकत नाही.

पुस्तक निवडताना मात्र जपावे. केवळ फुलांच्या रंगानुसार मांडणी असेल, तर बहर सरल्यावर ते मिटून ठेवावे लागते. आणि फक्त रानातल्या झाडांचे असेल, तर उद्यानात लावलेली परदेशी झाडे त्यात सापडत नाहीत. शास्त्रीय नावे असावीतच, कारण ॲप आणि पुस्तक यांची गाठ तिथेच पडते. अर्थात नावे बदलतात, आणि शोभेचा अशोक जुन्या पुस्तकात पॉलिअल्थिया, तर नव्या नोंदींत मोनून असा दिसला, तरी झाड तेच असते.

जाणकाराची सोबत या दोहोंहून सरस, कारण सालीचा स्पर्श आणि चुरगळलेल्या पानाचा वास फोटोत येत नाही. ती रोज मिळत नाही आणि एका फेरीत ऐकलेली तीस नावे लिहून ठेवली नाहीत, तर आठवडाभरात विसरली जातात, एवढीच तिची मर्यादा.

एखाद्या झाडाचे नाव तेवढे हवे असेल, तर ॲप पुरे. तेच झाड पुढच्या ऋतूत फोन न काढता ओळखायचे असेल, तर पुस्तक घ्यावे, आधी स्वतःचा अंदाज वहीत लिहावा आणि मगच ॲपला विचारावे. रोजच्या वाटेवरची दहा-पंधरा झाडे निवडून ती वर्षभर पाहावीत. गुलमोहर-नीलमोहराचा पेच मग पाने झडल्यावरही सुटतो: गुलमोहरावर हातभर लांब, चपट्या, लाकडासारख्या कठीण शेंगा लोंबत असतात, तर नीलमोहरावर दोन चकत्या जुळवल्यासारखी गोल, चपटी फळे.